अठ्ठावीस पाउंड

“अठ्ठावीस पाउंड. एकही कमी नको,” नव्या मशीनसमोर खुर्ची ओढून बसत साहेब म्हणाले. “आणि गट एकदम बारीक. पॉइंट पासष्टचा.”

मास्तरांनी मशीनकडे एकदा पाहिलं. क्लबच्या या कोपऱ्यात बॅडमिंटनच्या रॅकेटी विणता विणता त्यांची अठरा वर्षं गेली होती, आणि अठरा वर्षं साहेब हेच सांगत आले होते. मास्तर मान डोलवत आणि जाडसर, पॉइंट सत्तर मिलिमीटरच्या तारेचा गट भरून देत. ताण हल्ली बावीस पाउंडांचा. गट जितका ताठ तितका फटका जोरकस, अशी क्लबात सगळ्यांची ठाम समजूत, आणि मास्तर सगळ्यांनाच मागितल्यापेक्षा सैल भरून देत. खरं तर जरा सैल गटावरून शटल आपसूक उडतं. अठ्ठावीसवरून उडवायला मनगटात दम लागतो. साहेबांचं मनगट पाणी खात्यात पस्तीस वर्षं सह्या करून तयार झालं होतं. शिवाय निम्मे फटके ते फ्रेमच्या काठानेच मारत. तिथे बारीक गट कसला टिकतोय?

वजन सरकवून ताण ठरवायच्या जुन्या हातमशीनच्या दांडीवरचे आकडे केव्हाच घासून गेले होते, त्यामुळे हे गुपित मास्तरांच्या बोटांतच राहिलं. क्लबने आणलेल्या नव्या मशीनला मात्र ताण दाखवणारा वहीएवढा पडदा होता, आणि तोही नेमका गिऱ्हाइकाच्या बाजूला.

“साहेब, या खेपेला चोवीस करून बघू या का?” मास्तरांनी खडा टाकून पाहिला.

“चोवीसवर माझी नात खेळते. रविवारी व्याह्यांशी मॅच आहे, मास्तर. मुलीचं अख्खं सासर बघायला येणार आहे.”

पडद्यावर अठ्ठावीस उमटलं. साहेबांनी त्याचा फोटोही काढून ठेवला.

रविवारी साहेबांचं शटल जाळीपलीकडे जेमतेम पोचत होतं. व्याही जागचे न हलता, एका हाताने चष्मा सावरत, ते परत धाडत आणि दर पॉइंटला “सॉरी हं” म्हणत. शेवटी साहेबांनी उडी मारली, निदान त्यांचा तसा विचार होता, आणि जीव खाऊन रॅकेट फिरवली. शटल काठाला लागलं आणि गट तुटला. “प्रयत्न छान होता,” व्याही म्हणाले. हरण्यापेक्षा साहेबांना तेच जास्त झोंबलं.

मॅच संपल्यावर साहेब चारचौघांना घेऊन कोपऱ्यात आले. मागे लेक टॉवेल धरून उभी होती, तिच्यामागे व्याही.

“मास्तर, हात गेला तुमचा.”

“वय झालं हो,” मागून कोणीतरी म्हणालं. “माझीही रॅकेट हल्ली फळीसारखी लागते.”

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात मिरवावं असं त्यांच्याकडे काही असेल तर ते हे दोन हात. “खरं काय ते सांगून टाका एकदाचं,” असं बायकोने सकाळीच बजावलं होतं. एका वाक्याचं काम. त्यांनी तोंड उघडलं. साहेब उजवा खांदा चोळत होते, आणि लेकीची नजर चुकवत होते.

“खरंय साहेब,” मास्तर म्हणाले. “या नव्या मशीनवर हात बसत नाही माझा.”

“मग जुन्यावर करा ना. तुमचं ते खटारं बरं होतं.”

आठवडाभरात क्लबातल्या झाडून सगळ्या रॅकेटी जुन्या मशीनवर आल्या. बिचाऱ्याला नवं जमत नाही, असं लोक मायेने बोलत, आणि मास्तर ते मुकाट्याने ऐकून घेत. लागायचं, पण ऐकून घेत.

साहेब आले तेव्हा मास्तरांनी त्यांची फ्रेम बसवली. साहेबांचे केस काळे होते तेव्हा मास्तर गट सव्वीसवर ओढत. मग पंचवीस, चोवीस. साहेबांना न कळता एकेक पाउंड उतरवत ते बावीसवर आले होते. साहेबांना आज कोट काढून खुंटीला लावतानाही हात पुरता वर नेता आला नव्हता. मास्तरांनी दांडीवरचं वजन आणखी एक पाउंड मागे घेतलं.

“अठ्ठावीस ना?” साहेबांनी विचारलं.

“अठ्ठावीस,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पहिली तार ओढली.