थंड पाण्याचे कपडे

दुकानाच्या मागच्या खोलीत आई स्टुलावर बसली होती आणि तिचं डोकं दिसत नव्हतं. खाली नारिंगी कापड, वर काळं रबर, आणि त्या रबराच्या आतून येणारा तिचा आवाज.

"ओढ गं! बघत काय बसलीस?"

"ओढतेच आहे."

"तुझ्या वेळी एवढा त्रास झाला नव्हता मला."

पडद्यापलीकडे दुकानदार मोठ्याने हसला. त्याच्यासोबत आणखी कोणीतरी हसलं. मी रबराची कड दोन्ही हातांनी ताणली आणि आईचं डोकं एकदम बाहेर आलं. केस विस्कटलेले, कान लाल, गालांवर टाल्कम पावडर. रबर घसरावं म्हणून ती पावडर लावतात. आरशात बघून ती म्हणाली, "छान. अगदी ताजी ताजी जन्मलेय."

हा ड्राय सूट. थंड पाण्यात खोल बुडी मारणारे लोक तो घालतात. गळ्याशी आणि मनगटांशी घट्ट रबर असतं, त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि माणूस कोरडाच्या कोरडा वर येतो. मला हे सगळं त्या दुपारी कळलं. आई तोवर दोन उन्हाळे हवेची टाकी पाठीला बांधून तलावाच्या तळाशी जाऊन आली होती, आणि मी त्याला 'पोहायला जाणं' म्हणत असे. तेही कोणी विचारलं तर. आता तिला हिवाळ्यातही उतरायचं होतं. त्यासाठी हे कपडे हवे होते, आणि पाठीवरची चेन लावायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी.

आई औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. सगळी नोकरी तिथेच केली. बाबा गेल्यावर आणि स्वतः निवृत्त झाल्यावर ती गुडघे धरून बसेल, असा आमच्या घरात सर्वांचा अंदाज होता.

दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक जाड, फोमच्या रबराचा. "हा स्वतःच उबदार असतो. पण खोल गेलं की चेपतो आणि ऊब कमी होते. हा दुसरा पातळ. याला स्वतःची ऊब काहीच नाही. आत जे घालाल तेवढीच."

"म्हणजे थरावर थर चढवायचे," आई म्हणाली. "मग हाच. पातळ सून आणि जाड सासू असं झालं तर निदान भांडण तरी दिसतं."

याचा अर्थ मला अजूनही लागलेला नाही. दुकानदार मात्र पुन्हा हसला.

मग त्याने तिला उकिडवं बसायला सांगितलं, दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगितलं, मानेमागे हात पोचतो का ते बघायला सांगितलं. आई उकिडवी बसली ती बसलीच, आणि तशीच बदकासारखी चालत दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे दोन तरुण जोडपी होती. त्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. मी भिंतीवर टांगलेल्या काचांच्या मुखवट्यांकडे पाहत राहिले, जणू मला त्यांतला एक घ्यायचा होता.

"बूट मोठे होतात," आई पलीकडून ओरडली. "आत माझ्या पायासोबत अजून एक पाय राहील!"

बूट एक माप लहान लावून द्यायचे ठरले. सूट दोन दिवसांनी मिळणार होता.

हातमोज्यांना सर्वांत जास्त वेळ लागला. पाच बोटांचे होते, त्यांत पाणी शिरतं. तीन बोटांचे होते, अंगठा, पहिलं बोट आणि उरलेली तिन्ही एकाच खोळीत; ते जास्त गरम. आणि तिसरे कोरडे, मनगटावरच्या कड्याला अडकवायचे, आत लोकरीचे मोजे घालून. दुकानदाराने तिच्या हातात एक छोटा हूक दिला. "डोळे मिटा आणि उघडा. पाण्यात दिसेलच असं नाही."

तीन बोटांच्या मोज्यांत तिला ते जमलं नाही. तिच्या बोटांची पेरं सुजलेली असत. "खेकडा झालेय मी," ती म्हणाली, पण ओठ आवळलेले होते. तिने पुन्हा केलं, पुन्हा सुटला. मी म्हणाले, "राहू दे ना आई." ती ऐकत नव्हती. कोरडे मोजे घातल्यावर हूक टक्कन उघडला.

"यांना भोक पडलं तर मात्र हात भिजतो," दुकानदार म्हणाला.

"भिजला तर भिजला. हात आहे, बिस्किट नाही."

आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "बरं, आत असताना लघवी लागली तर?"

"थंड पाण्यात लागतेच. आधी कितीही वेळा जाऊन या. पुरुषांना नळीची सोय आहे. बायकांसाठीही निघाली आहे, पण बऱ्याच जणी मोठ्यांचे डायपर वापरतात."

"उत्तम. जन्मभर विकले, आता वापरून बघते."

"आई, हळू."

"का? यांच्याकडे मूत्राशय नाही का?"

तिने डायपर घेतले ते औषधांच्या त्याच दुकानातून, जिथे तिची सगळी नोकरी झाली. काउंटरवरची नवी बाई पाकीट कागदात गुंडाळू लागली तर आई म्हणाली, "कागद नको गं. मी इतकी वर्षं गुंडाळून दिले. लोक यायचे, इकडे तिकडे बघायचे, 'ते द्या' म्हणायचे. 'ते' म्हणजे काय समजायचं मी? खोकल्याचं औषध?" हे सगळं मला दारातून ऐकू आलं. मी तोवर रस्ता ओलांडायला निघाले होते. समोर पुस्तकांचं दुकान होतं. त्याच्या काचेत मांडलेली सगळी नावं मी वाचली आणि मग परत पहिल्यापासून वाचली. आई पाकीट काखेत मारून रस्ता ओलांडताना काचेत दिसत होती. मी वळले नाही.

"मावशीला यातलं काही सांगू नकोस हं," ती घराच्या वाटेवर म्हणाली. "ती रडून रडून मला जमिनीवर बांधून ठेवेल."

"मला काय हौस आहे सांगायची?"

मी तिला दारापर्यंत सोडलं आणि आत न जाता माझ्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीचा फोन आला. आई स्वयंपाकघरात पडलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. काही कळायच्या आत गेल्या असतील. शेगडी तिने बंद केलेली होती.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. कपाट तिनेच उघडलं, कारण माझ्याने होईना. थोड्या वेळाने आतून काहीच आवाज येईना म्हणून मी गेले. ती पलंगावर बसली होती आणि मांडीवर ते पाकीट होतं. फोडलेलं. आईने एक घालून पाहिला असणार.

"हे कधीपासून?" मावशीने विचारलं.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

"एवढं झालं होतं आणि मला बोलली नाही? सख्ख्या बहिणीला?" तिचा चेहरा हळूहळू वाकडा होत गेला. "अगं, त्या सहलीत ती सारखी गाडी थांबवायला सांगत होती. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, बाई, एक नळ बसवून घे. सगळे हसले. तीही हसली गं."

आई त्या सहलीत चहासाठी गाडी थांबवत होती. मला ते माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यामागून दुसरं आलं असतं, मग तलाव आला असता, टाकी आली असती, आणि सगळे म्हणाले असते की या वयात नसते धंदे केले, पाण्याने मारलं तिला. तिला त्यापासून वाचवायचं म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. आजारी आई सांगायला सोपी असते. तिच्याबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येतो, ऐकणारे मान हलवतात, कोणी हसत नाही. नारिंगी कपड्यांत बदकासारखी चालणारी आई कुठल्या आवाजात सांगायची, ते मला येत नव्हतं.

मावशीने मात्र आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. वाईट हेतूने नाही. तिला कोणाकडे तरी कबुली द्यायची होती. "शेवटी शेवटी ताबा राहिला नव्हता हो," ती कुजबुजायची. "आणि आम्हाला पत्ता नाही." मग ती माझ्याकडे हात करायची. "हिने सगळं निस्तरलं. एका शब्दाने बोलली नाही." माणसं माझ्याकडे वळून म्हणायची, किती केलंस गं आईचं. मी मान खाली घालायची. खाली घातलेल्या मानेला लोक विनय समजतात.

एकदा तर मी "असू दे हो" असंही म्हणाले.

रविवारी दुपारी बसायला शेजारीण आली होती आणि मावशी तिच्यासाठी चहा ओतत होती, तेव्हा दार वाजलं. दारात एक उंच, वयस्क माणूस होता. हातात भली मोठी पिशवी, इस्त्रीचा शर्ट, आणि खूप वेळ गाडी चालवणाऱ्याचे असतात तसे किंचित पुढे आलेले खांदे. तलावावर आईसोबत जाणारा, ज्याला ती 'ड्रायव्हर' म्हणायची, तो हाच, हे माझ्या लगेच लक्षात आलं. जन्मभर शहर बस चालवून निवृत्त झालेला. मी त्याला कधी भेटले नव्हते. भेटायचं टाळलं होतं, असं म्हणणं जास्त बरोबर.

"या," मावशी म्हणाली. "आपण कोण?"

"मी त्यांचा जोडीदार," तो म्हणाला.

मावशीच्या हातातली किटली थांबली. शेजारणीने कप खाली ठेवला.

आपलं काहीतरी चुकलं हे त्याला कळलं, पण काय ते कळेना. "म्हणजे, फक्त रविवारचा," तो घाईने म्हणाला.

"रविवारचा," मावशी म्हणाली.

"हो. क्वचित शनिवारी." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं म्हणून तो थांबला होता. मी कपाखालची बशी सरळ करत होते.

"अहो, काय बोलताय?" मावशीचा आवाज चढला. "ती बिचारी आजारी होती. तिला तर स्वतःवर ताबासुद्धा राहिला नव्हता."

"ताबा?" तो थक्क झाला. "त्यांचा? काय बोलता! त्यांच्याइतका ताबा आमच्यात कोणाचा नव्हता. मी आपला वर-खाली, वर-खाली. त्या आडव्या झाल्या की एका जागी अशा स्थिर राहायच्या, श्वाससुद्धा इतका हळू..."

"पुरे!" मावशी उठून उभी राहिली. "पिशवीत काय आहे?"

त्याने पिशवी छातीशी घेतली. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्याच्या नजरेत प्रश्न नव्हता. या घरात कोणाला काहीच माहीत नाही, हे त्याला समजलं होतं, आणि मी सांगणार नाही, हेही. तो हळूच म्हणाला, "काही नाही. रेनकोट आहे. चुकून माझ्याकडे... मी निघतो."

"त्यांचे कपडे तुमच्याकडे?" शेजारीण पुटपुटली.

तो मान खाली घालून वळला. इतका मोठा माणूस, माझ्या आईची लाज राखायला खोटं बोलून चोरासारखा दाराकडे निघाला होता, आणि मागे जी आई उरणार होती, तीच आमच्या घरात कायम राहिली असती. एकतर ताबा सुटलेली म्हातारी, नाहीतर रविवारी कुठेतरी जाणारी बाई. दोन्ही मीच तयार केलेल्या.

"थांबा," मी म्हणाले. "मावशी, आई पाणबुडी होती."

"पाणबुडी?" मावशी म्हणाली. "ते लढाईतलं जहाज?"

"नाही. पाणबुड्या असतो ना, बुडी मारणारा. बाईला काय म्हणतात ते मला येत नाही. मी कधी म्हटलंच नाही." माझा आवाज विचित्र येत होता. "तळ्यात खाली जायची ती. हे तिच्यासोबत जायचे, एकट्याने जात नाहीत म्हणून. त्या पिशवीत तिचा थंड पाण्याचा सूट आहे, दुकानातून यांनीच आणला असणार. मीच तिच्याबरोबर घ्यायला गेले होते, ती गेली त्याच्या आदल्या दिवशी. तो घातला की तासभर बाहेर पडता येत नाही, म्हणून ते पाकीट. तिला काहीही झालेलं नव्हतं."

ड्रायव्हर दारातच थांबला होता. "ठणठणीत होत्या," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

मावशी खाली बसली. "आणि तू मला एवढे दिवस रडू दिलंस?"

"हो."

"का गं?"

शेजारीण ऐकत होती, ड्रायव्हर ऐकत होता. आवाज खाली आणायचा मी प्रयत्न केला आणि तो येईना.

"मला तिची लाज वाटायची, मावशी," मी म्हणाले. "ती इतकी आनंदात असायची, लोकांसमोर, एवढ्या मोठ्याने. मला ते बघवायचं नाही."