शोधाच्या कीबोर्डची झिजलेली कळ

मी बोलतोय खरा, पण माझा आवाज म्हणजे नुसती टकटक. मी कीबोर्ड. छत्रपती संभाजीनगरातल्या एका ग्रंथालयात, दारातून आत आल्यावर डाव्या हाताला, पुस्तके शोधायच्या संगणकापुढे माझी जागा आहे. लोकांना वाटते, शोध पडदाच घेतो. पडदा फक्त उत्तर दाखवतो. प्रश्न माझ्या अंगावरून जातो.

मी खोक्यातून बाहेर आलो तेव्हा माझ्यावर फक्त इंग्रजी अक्षरे होती. ग्रंथपाल सुलेखा मॅडमनी मराठी अक्षरांचे स्टिकर आणले आणि चष्मा कपाळावर सरकवून एकेक चिकटवले. 'क' जरा तिरका बसला. तो अजून तसाच आहे.

तेव्हापासून मी माणसांची बोटे ओळखतो. कुणी एकाच बोटाने टोचतो. कुणी चिवडा खाऊन येतो आणि तेल मला लावून जातो. बरेच जण दुकानदाराला सांगावे तसे सांगतात, 'मला इतिहासाचे चांगले पुस्तक हवे.' पडद्यावर 'काही सापडले नाही' असे येते आणि खुर्ची मागे सरकते. मला वाईट वाटते. पुस्तक आतच असते. त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारलेली असते.

पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले. माझ्यावर धूळ बसू लागली. तेवढ्यात विशाखा आली.

विशाखा सिल्लोडची, इथे इतिहासात एम. ए. करणारी. तिला प्रबंधिका लिहायची होती आणि विषय तिने मनाशी पक्का केला होता: निजामाच्या काळात जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढणाऱ्या बायका. तिची पणजी हेच काम करायची. पण तिच्या मार्गदर्शक तनुजा मॅडम म्हणाल्या होत्या, "विषय चांगला आहे गं, पण साहित्य कुठंय? सोमवारपर्यंत दाखव. नाहीतर दौलताबादचा किल्ला घे."

किल्ला दरवर्षी कुणीतरी घेतेच. या वर्षी तिच्या वर्गातल्या प्रणयने घेतला होता.

पहिल्या दिवशी विशाखाने अख्खे वाक्य माझ्यावर उतरवले: 'सिल्लोडच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांचा इतिहास'. काही सापडले नाही. मग 'जिनिंग'. यंत्रदुरुस्तीची पुस्तके आली. 'छत्रपती संभाजीनगर स्त्री कामगार'. आली ती सगळी अलीकडची, औद्योगिक वसाहतीवरची. 'महाराष्ट्र स्त्री कामगार'. मुंबईच्या गिरण्यांची रांग लागली.

मागून प्रणय डोकावला. "काय गं, अजून जिनिंगच? सोड की. माझं तर काम खल्लास झालं, आता नुसतं टाईप करायचंय."

"तुझा किल्ला तू सांभाळ."

"अगं, सापडत नाय म्हंजे नसंल तिथं."

"तू शोधलंस का?"

"मी कशाला शोधू? मला किल्ला दिसतोय की!"

तो हसत गेला. विशाखा हसली नाही. इतक्यात तिचा फोन वाजला. माझ्यापुढे बसूनच तिने तो हळूच उचलला. पलीकडे तिची आजी लीलाबाई होती. ऐकायला कमी येत असल्याने ती मोठ्याने बोलायची.

"घावलं का गं पोरी?"

"नाय अजून, आजी."

"माझी माय सांजच्याला यायची तर केसात, पदराला, भुवयांस्नी समदा कापूस. आम्ही पोरं हसायचो, माय म्हातारी झाली म्हणून. लई खोकायची. कुणी लिवलं असंल का गं तिचं?"

"बघते ना, आजी. सोमवारच्या आत."

"विशाखा, फोन बाहेर!" सुलेखा मॅडमचा आवाज आला.

फोन बंद झाला. बोटे परत माझ्यावर आली, पण आता त्यांची चाल बदलली होती. तिने लांब वाक्य टाकायचे सोडले आणि एकच शब्द टाकला: 'सिल्लोड'. थोडीच पुस्तके आली. त्यांत जुन्या शेतीवरचे एक होते. नावावरून ते तिच्या कामाचे नव्हते, तरी तिने त्याची नोंद उघडली आणि खालची विषयाची ओळ वाचली: 'हैदराबाद संस्थान – शेती'.

तिची बोटे थांबली.

परीक्षेत तिने निजामाच्या राजवटीवर पानेच्या पाने लिहिली होती. प्रबंधिकेच्या विषयातही निजाम होताच. पण शोधाच्या चौकटीत तिने आजचा नकाशा घातला होता. त्या काळात सिल्लोड महाराष्ट्रात कुठे होते? शहराचे नावही वेगळे होते. तिची पुस्तके ज्या नावाखाली झोपली होती, त्या नावाने तिने एकदाही हाक मारली नव्हती.

'हैदराबाद संस्थान' आणि 'कापूस'. पडदा भरून गेला. त्यात 'स्त्री' जोडले, तर पुन्हा शून्य. ती उठली नाही. तिने 'स्त्री' खोडले आणि तिथे 'मजूर किंवा कामगार' लिहिले. 'आणि' लावले की जाळे आखडते, 'किंवा' लावले की पसरते, हे मी रोज बघतो. ते तिला त्या दिवशी कळले. एक नोंद बरी वाटली की ती तिची विषयाची ओळ उचलायची आणि त्याच ओळीने पुढे शोधायची. मग तेच शब्द तिने इंग्रजीत टाकले. शहराचे जुने नाव टाकले. प्रबंधांचा संग्रह उघडला, मग जुन्या सरकारी अहवालांचा.

शनिवारी संध्याकाळी दिवे मालवायची वेळ झाली, तेव्हा ती कारखान्यांच्या एका जुन्या तपासणी अहवालापाशी पोहोचली. त्याच्या प्रकरणांत एक नाव होते: 'जिनिंगमधील स्त्रिया व मुले'. तिने माझ्यावर दोन्ही हात नुसते ठेवले.

सोमवारी तनुजा मॅडम स्वतः आल्या. विशाखाने तोंडाने फारसे सांगितले नाही, तिला ते जमत नाही. तिने शोध पुन्हा करून दाखवला, शब्दामागून शब्द. मॅडम वाकून बघत राहिल्या.

"हैदराबाद टाकायचं, हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, मॅडम. एका पुस्तकाखाली दिसलं."

मॅडमनी तो अहवाल उघडायला लावला. त्या प्रकरणातल्या काही ओळी त्यांनी हळू आवाजात वाचल्या. धुरळ्याच्या होत्या, खोकल्याच्या होत्या. मग त्या सरळ उभ्या राहिल्या. "किल्ला राहू दे. तू जिनिंगच कर."

विशाखा दारापर्यंत नीट चालत गेली आणि दाराबाहेर पळाली. "आजी, घावलं! लिवलंय!" हे मला आतपर्यंत ऐकू आले.

आता माझे बरेच स्टिकर उडाले आहेत. नवा कीबोर्ड येऊन कपाटात बसलाय. सुलेखा मॅडम मला पुसताना म्हणाल्या, "या बिचाऱ्याची खोडायचीच कळ सगळ्यांत जास्त झिजली." खरे आहे. त्यातली बरीच झीज विशाखाची आहे आणि मला ती मिरवावीशी वाटते.

माझ्या जागी जो येईल, त्याच्यापुढे तुम्हीही बसाल. 'काही सापडले नाही' दिसले, तर खुर्ची मागे सरकवू नका. एक शब्द खोडा, दुसरा लिहा. आत कुणाची तरी पणजी अजून थांबलेली असेल.