टाळूवरचा मुकुट

सरदाराच्या गढीच्या तळघरात कैद्याला जेवण पोचवायला फक्त बायकोला सोडत. द्राझा भर दुपारी डाळीचं भांडं घेऊन शिपायांच्या नाकासमोरून आत गेली. डाळीच्या तळाशी कात्री होती आणि वस्तरा होता.

तोलेन भिंतीला टेकून बसला होता. मिठाची एक रास बिशपची की सरदाराची यावरून मिठागरात मारामारी जुंपली, आणि त्याच्या हातच्या दांड्याने सरदाराचा एक शिपाई मेला. राशीचा निकाल अजून लागायचा होता. तोलेनचा मात्र लगेच लागला. शनिवारी फाशी.

"मान खाली करा," द्राझा म्हणाली.

"उवा बघायला आलीस होय?"

"पाद्री करायला आलेय तुम्हाला."

पाद्र्याला फासावर चढवायचा हक्क सरदाराला नव्हता. पाद्र्याचा न्याय बिशपच्या घरी होई, आणि तिथे जीव घेत नसत. पाद्री ओळखायचा तो तोंडच्या लॅटिनवरून आणि टाळूवरच्या गोल भादरलेल्या जागेवरून. तिला सगळे मुकुट म्हणत. तोलेन पूर्वी गावातल्या म्हाताऱ्या पाद्र्याकडे घंटा वाजवायचा, त्यामुळे लॅटिनमधलं एक स्तोत्र त्याला अर्थाशिवाय तोंडपाठ होतं. एवढ्याच भांडवलावर द्राझा सकाळी बिशपच्या न्यायाधीशाच्या, फादर ग्रिसोगोनच्या पाया पडून आली होती. त्याने तिच्याकडे धड पाहिलंही नाही. सरदाराच्या तोंडचा घास काढता येईल, एवढंच त्याला दिसलं.

"मुकुट आहे का त्याला?" त्याने विचारलं होतं.

"आहे, फादर," तिने बेधडक सांगून टाकलं होतं.

आता ती वस्तरा चालवत होती. मेंढ्या भादरणारा हात, काम झटपट झालं. मग तिने दोन पावलं मागे सरून पाहिलं. मिठागराच्या उन्हात तोलेनचा चेहरा करपून काळा पडला होता आणि टाळू मात्र सोललेल्या अंड्यासारखी पांढरी होती. आंधळ्यालाही कळलं असतं की हा मुकुट आजचा आहे.

"काय झालं गं?"

"काही नाही. टोपी काढू नका उद्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी तिने अक्रोडाची हिरवी साल वाटून आणली आणि बोटं काळी होईस्तोवर त्याच्या टाळूवर चोळली.

"अगं, पण पाद्र्याला बायको कशी?" तो म्हणाला.

"ते मग बघू," ती म्हणाली. तिने टोपी परत त्याच्या कपाळापर्यंत ओढली.

शनिवारी डोंगरावरून बोचरा वारा सुटला होता. सगळं गाव फाशीच्या खांबाभोवती जमलं. द्राझाने कडेवरच्या वेसेलाला, चार वर्षांच्या लेकीला, शालीत गुंडाळलं होतं. दोर गळ्यात पडणार तोच फादर ग्रिसोगोन पुढे आला.

"हा माणूस आमचा आहे."

सरदाराच्या कारभाऱ्याने, प्रिबिनाने, तोलेनची टोपी ओढली. अंगठ्याला थुंकी लावून टाळू घासली. अंगठ्याला रंग लागला नाही. मग तो हसला.

"बरं, पाद्री तर पाद्री. मग बायको म्हणून तळघरात डाळ नेणारी ही कोण?" त्याचं बोट द्राझावर होतं. "बाई, तू याची बायको असशील तर हा मिठागराचा गडी, आणि माझा दोर मोकळा आहे. नसशील तर फादरना याला घेऊन जाऊ दे."

तिच्या लग्नाचं जेवण अर्धं गाव जेवलं होतं. कोणी तोंड उघडलं नाही. प्रिबिनाला एकदा तरी हरलेलं सगळ्यांना बघायचं होतं.

"मी याची कोणी नाही," द्राझा म्हणाली.

"आणि पोर?"

वेसेलाने खांबाजवळचा बाप ओळखला होता. द्राझाने तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. "पोर कुणाची, मलाही ठाऊक नाही," ती म्हणाली.

मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. तोलेनने बोलायला तोंड उघडलं. द्राझाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने डोळे मिटले आणि तो फाटक्या आवाजात ते स्तोत्र म्हणायला लागला. म्हणता म्हणता तो रडत होता.

बिशपच्या घरी जीव घेत नसत, हे खरं होतं. त्याला जन्मभर कोठडी आणि कोरडा पाव सांगितला. द्राझा डाळ घेऊन कोठडीच्या दाराशी गेली. दारावरच्या पाद्र्याने विचारलं, "कोण लागतेस तू त्याची?"

पलीकडे भिंतीला टेकून प्रिबिनाचा माणूस उभा होता. शनिवारपासून तो तिची पाठ सोडत नव्हता.

"कोणी नाही."

"मग जा, बाई. नात्यातल्याशिवाय भेट नाही."

"डाळ तरी आत द्या."

"परक्या बाईच्या हातचं आत जात नाही."

ती भांडं घेऊन परतली. वेसेला तिचा झगा ओढत होती. "आई, बाबा आत आहेत ना? बाबांना—"

द्राझाने तिच्या तोंडावर चापट मारली. आजवर तिने पोरीला बोट लावलं नव्हतं. प्रिबिनाचा माणूस मागेच होता.

"बाबा म्हणायचं नाही," ती म्हणाली.

वेसेला रडली नाही. गाल चोळत तिने विचारलं, "मग काय म्हणायचं?"

"फादर," द्राझा म्हणाली. "सगळे म्हणतात तसं."