एक म्हणजे सवा लाख

चांदीची वाटी उदगीरहून हार्लेमला पोहोचली तेव्हा तिच्या पोटावर 'मृण्मयी' असं सुबक अक्षरांत कोरलेलं होतं. बाळाला मात्र अजून नावच नव्हतं.

वाटी संध्याने बाळ जन्मायच्या आधीच सांगून ठेवली होती. सोनार माहेरच्या गल्लीतला, नाव मनात पक्कं आणि मुलगी होणार हे तपासणीत कळलेलं. मग थांबायचं कशाला?

"अगं, आधी नाव ठेवतात, मग कोरतात," शिरीष म्हणाला.

"तुम्ही नका सांगू मला. घर मिळायच्या आधी सोफा कुणी घेतला होता?"

शिरीषने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. तो सोफा सहा महिने मित्राच्या गॅरेजमध्ये पडून होता. वीस वर्षं झाली तरी बायको ते विसरायला तयार नव्हती.

वैदेहीने, म्हणजे त्यांच्या लेकीने, आईला सगळं आधीच नीट सांगितलं होतं. तिचा नवरा तरणजीत शीख, त्याच्या घरी नाव असं मनाने ठेवत नाहीत. बाळाला गुरुद्वाऱ्यात न्यायचं, अरदास म्हणजे प्रार्थना करायची, ग्रंथसाहेब उघडायचा. जो शबद, म्हणजे जे पद, समोर येईल त्याचं पहिलं अक्षर ते बाळाचं अक्षर.

"आणि 'म' आलं तर?" संध्याने विचारलं होतं.

"आलं तर 'म', आई. पण हट्ट धरून ते येत नाही."

तसा संध्याचा जावयावर काडीचाही राग नव्हता. डेल्फ्टला शिकत असताना वैदेहीची सायकल कालव्यात पडली आणि ती काढायला हा उंच, निळ्या पगडीवाला मुलगा पोटावर झोपून हात घालत बसला, तेव्हापासून तो संध्याला आवडत होता. लग्न गुरुद्वाऱ्यात झालं तेव्हाही ती हौसेने नाकात नथ घालून मिरवली. प्रश्न बाळ आल्यावर सुरू झाला. पहिल्यांदा त्या चिमण्या मुठी बघितल्या आणि तिच्या मनात हिशेब सुरू झाला. ही आता त्यांची होणार. कौर होणार. आपल्याकडचं एक माणूस कमी, त्यांच्याकडचं एक जास्त.

हे तिने शिरीषला बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "खानेसुमारीवाले आलेत का दारात?"

"तुम्हाला नाही कळायचं. ते जगभर पसरलेत, कोटींनी आहेत. मला एकच नात आहे."

म्हणून ती एका नावाला धरून बसली होती. बाकी काही नाही, पण हाक तरी आपली असू दे. तेवढं एकच हवं होतं तिला.

रविवारी सगळे अ‍ॅमस्टरडॅमच्या कडेच्या गुरुद्वाऱ्यात गेले. बाहेरून बघाल तर गोदाम, कारण ते पूर्वी गोदामच होतं, गालिच्यांचं. आत मात्र हजारभर माणूस बसेल एवढा हॉल. त्यात पंजाबातून नुकतीच आलेली पोरं, ट्रक चालवणारे, आयटीवाले, आणि काबूल-जलालाबादकडची जुनी कुटुंबं, ज्यांच्या बायकांच्या ओढण्यांवरची नक्षीच वेगळी. वाटी संध्याच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली. अक्षर जुळलं की काढून सगळ्यांना दाखवायची, असा बेत.

अरदास झाली. ग्रंथसाहेब वाचणाऱ्या ग्रंथींनी पान उघडलं, खणखणीत आवाजात शबद वाचला आणि मग जाहीर केलं, "हाहा!"

गुरुमुखीत 'ह'ला 'हाहा' म्हणतात हे वैदेहीने कानात सांगितलं. संध्याला मात्र आपल्याच फजितीवर कुणी तरी वरून हसल्यासारखं वाटलं. लंगर झाल्यावर नाव सांगू, असं तरणजीतने ग्रंथींना सांगितलं. लोक कौतुकाने नावं सुचवू लागले. हरलीन, हरसिमरत, हरगुण. संध्या पर्स छातीशी धरून हळूच उठली आणि कुणी विचारू नये म्हणून थेट स्वयंपाकघरात शिरली.

रडायचं असेल तर कांदा चिरण्यासारखं निमित्त नाही, हा तिचा जुना अनुभव. पण कांदा संपला होता. कोपऱ्यात खुर्चीवर बीजी लसूण सोलत बसल्या होत्या.

बीजी म्हणजे तरणजीतच्या आजी. ऐंशीच्या पुढच्या, एवढ्याशा, पांढऱ्या ओढणीत हरवलेल्या. तरणजीतची आई तो लहान असतानाच गेली, त्याला वाढवलं ते यांनीच. त्यांचं हिंदी जलालाबादच्या सिनेमागृहात शिकलेलं, त्यात फारसी आणि पंजाबी मिसळलेली. संध्याच्या कानातून मनात जाईपर्यंत त्याचं आपोआप मराठी होऊन जाई.

"आओ बेटा. बस. रडायला आलीस की लसूण सोलायला?"

"लसूण सोलायला," संध्या म्हणाली आणि नाक पुसायला रुमाल ओढला. रुमालाबरोबर वाटी बाहेर आली आणि फरशीवर खणखणत बीजींच्या पायाशी जाऊन थांबली.

बीजींनी ती उचलली, उजेडाकडे धरून फिरवली. "काय लिहिलंय?"

आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं? "मृण्मयी."

"मिरन… मई?"

"मृण्मयी."

"बाप रे! हे नाव ती स्वतः कितव्या वर्षी बोलू शकेल?"

संध्याला हसू आलं आणि त्याच दारातून रडूही आलं. मग जे शिरीषला सांगितलं होतं तेच भडाभडा बाहेर पडलं. "बीजी, तुम्ही इतके आहात. एवढा मोठा हॉल भरलाय बाहेर. मला एकच नात आहे हो."

बीजींनी सुरी खाली ठेवली.

"इतके? कोण इतके? माझ्या लहानपणी जलालाबादला सणाला गुरुद्वाऱ्यात पाय ठेवायला जागा नसायची. आज तिथे जाऊन मोजलंस तर बोटं उरतील. आम्ही निघालो तेव्हा एक मुलगा पाठीवर, एक हाताशी, आणि ओढणीत बांधलेला तो तवा." त्यांनी हनुवटीने शेगडीकडे खूण केली. तिथे एक काळाकुट्ट, काठ झिजलेला तवा अजून रोट्या भाजत होता. "या देशात आल्यावर निर्वासितांच्या छावणीत आमची चार घरं होती. चार! रविवारी माझ्या खोलीत पलंग उभा करून ठेवायचो आणि बसायचो. तोच आमचा गुरुद्वारा. डच शेजारीण विचारायची, दर रविवारी तुमच्याकडे कुणाचा वाढदिवस असतो? मी तिलाही ताट द्यायची. मग तीही वाढदिवसाला यायला लागली."

"चार घरांचं एवढं झालं?"

"चार म्हणजे पुष्कळ. आमच्यात एकट्या सिंगाला काय म्हणायचे माहितेय? सवा लाख. तेव्हा बादशहाने त्यांच्या शिरांवर इनाम लावलेलं, जंगलात घोड्याच्या पाठीवर झोपायचे, खायला मूठभर चणे. तर चण्यांना नाव काय, बदाम! आणि एकटा माणूस छावणीत परत आला की ओरडायचा, सवा लाखांची फौज आलीय, दार उघडा!"

"आणि दार उघडलं की एकच?"

"एकच. तोही उपाशी. सांग, अशा माणसांना कोण संपवणार?"

संध्या ऐकत राहिली. तिच्या हातातली लसणीची पाकळी केव्हाच सोलून झाली होती, तरी ती सोलतच होती. तिच्या डोळ्यांपुढे आपल्या मराठी मंडळाची गणपतीची सभा आली. सतरंज्या कोण उचलणार यावर तासभर चर्चा व्हायची, आणि शेवटी शिरीषच उचलायचा.

"पण वाढले कसे मग?" तिने विचारलं.

"आयांनी दिले म्हणून." बीजी सहज बोलल्या, जणू मिठाचं प्रमाण सांगत होत्या. "माझी आजी हिंदू. तिने थोरला मुलगा गुरूला दिला. तेव्हा कितीतरी घरांत अशी रीत होती. थोरला केस राखणार, पगडी बांधणार. धाकटे तसेच राहणार. एकाच चुलीवर जेवणार. तो थोरला म्हणजे माझे वडील. काबूलच्या बाजारात त्यांना सरदार लक्ष्मण सिंग म्हणून सलाम करायचे. आणि घरी आले की आजी ओरडायची, लच्छू, हात धू! मरेपर्यंत लच्छूच. तिची एकही हाक कमी झाली नाही. तू काय मोजत बसलीस?"

संध्याने नवी पाकळी सोलायला घेतली.

"हिसकावलेलं माणूस मोजता येतं, बेटा. आपलं म्हणता येत नाही. पंथाच्या अगदी सुरुवातीला गुरूंनी भर सभेत शिर मागितलं, तेव्हा पाचजण उठले. ओढून नेले नव्हते. आणि सगळे पंजाबी नव्हते, बरं का. एक तर खाली दक्षिणेतल्या बीदरचा न्हावी."

"बीदर?" संध्या ताठ झाली. "आमच्या उदगीरच्या शेजारचं बीदर? अहो, आमच्याकडे सकाळच्या एसटीने बीदरला जाऊन संध्याकाळी घरी येतात!"

"मग बघ! सुरुवातीपासून घरातलेच आहात आणि आता रडत बसलीस."

"काय नाव होतं त्यांचं?"

बीजींनी सोललेल्या पाच पाकळ्या ताटलीत एका ओळीत मांडल्या आणि एकेकीवर बोट ठेवत गेल्या. "दया. धरम. हिंमत. मोहकम. आणि हा तुझा बीदरवाला, साहिब."

संध्याचं बोट मधल्या पाकळीवर थांबलं.

"बीजी, हे मुलीचं ठेवतात?"

"आमच्यात नाव मुलाचं वेगळं, मुलीचं वेगळं असं नसतं. मुलगा असला तर पुढे सिंग, मुलगी असली तर कौर." मग त्यांनी नातसुनेच्या आईकडे नीट बघितलं. "का? अक्षर गुरूंनी दिलं. नाव घरच्यांनी ठेवायचं. तू घरची नाहीस?"

"पण मी कशी… तिथे सगळे सुचवताहेत, मोठी माणसं…"

"सगळ्यांत मोठी मी आहे. जा. आणि ही वाटी इथे ठेवून जाऊ नकोस. आमच्या भांड्यांत गेली की पुन्हा मिळायची नाही."

संध्या हात न धुताच बाहेर गेली. पंगतीत शिरीष मांडी घालून बसला होता आणि दोन्ही हातांची ओंजळ करून रोटी घेत होता. हे त्याला तरणजीतने शिकवलं होतं. वैदेही बाळाला थोपटत होती. संध्या तिच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "हिंमत."

"काय?"

"नाव. हिंमत कौर."

शिरीषची रोटी हातातच राहिली. "अगं, मुलीचं नाव हिंमत? आणि वाटीचं काय?"

"वाटी तुमच्या सोफ्यासारखी. येईल उपयोगी."

वैदेहीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तरणजीतकडे. तो उठला आणि भर पंगतीत सासूच्या पायाला हात लावायला वाकला. ग्रंथींनी नाव जाहीर केलं तेव्हा हजार गळ्यांतून जयघोष उठला. एवढ्या लोकांनी आपल्या तोंडचं नाव घेतलेलं संध्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. लसणाचा वास आपल्याच हातांना येतोय, हे तिला त्यानंतर कळलं.

पुढच्या शनिवारी हार्लेमच्या घरात बारसं होतं. ते वैदेहीनेच ठरवलं. मराठी मंडळाचा लाकडी पाळणा, जो गेली कित्येक वर्षं या घरून त्या घरी हिंडतोय, तो आइंडहोव्हनहून सुट्या भागांत आला. शिरीष आणि तरणजीत दोघे इंजिनियर, पण जोडल्यावर एक दांडी शिल्लक राहिलीच. बीजी व्हीलचेअरवरून आल्या आणि दारातच त्यांनी घुगऱ्यांच्या पातेल्यात डोकावून पाहिलं.

"बदाम!" त्या खूश होऊन म्हणाल्या.

खरी अडचण नंतर आली. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने. तरणजीतला बहीणच नाही. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. श्रुती नावाची शेजारीण म्हणाली, "मी होते मानलेली आत्या." पण संध्याने तोपर्यंत बीजींची खुर्ची पाळण्याशी नेऊन लावली होती.

"बीजी, आज तुम्ही आत्या."

"ते काय असतं?"

"जिचा मान सगळ्यांत मोठा आणि रुसवाही सगळ्यांत मोठा."

"मग जमेल."

बीजी बाळाच्या कानाशी झुकल्या आणि म्हणाल्या, "हिंमत कौर." मग थोडं थांबून, जिभेला वळसे देत, पुन्हा झुकल्या. "मिरन… मई." बाळाने जांभई दिली. बायका हसल्या. संध्याने मान फिरवून खिडकीबाहेरच्या सायकलींकडे जरा वेळ पाहिलं.

मग बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींकडे द्यायचं होतं. एका बाजूला संध्या, दुसऱ्या बाजूला खुर्चीत बीजी, शेजारी श्रुती हात लावायला तयार. एकीने 'घ्या' म्हणायचं, दुसरीने घ्यायचं, आणि परत द्यायचं. संध्याने रीत समजावली. बीजींनी बाळ छातीशी धरलं, डोळे मिटले, आणि सगळ्यांना वाटलं आता काही या सोडत नाहीत.

"दिलेलं परत द्यायचं?" त्यांनी एक डोळा उघडून विचारलं.

"द्यायचं."

"आणि तू पुन्हा देणार?"

"पुन्हा देणार."

"किती वेळा?"

"ते कुणी मोजत नाही, बीजी."

कोपऱ्यातून मोबाइलवर चित्रण करणाऱ्या शिरीषला राहवलं नाही. "मग काय संध्याबाई, खानेसुमारी झाली का? आपल्याकडे किती, त्यांच्याकडे किती?"

"मध्ये बोलू नका," संध्या म्हणाली आणि पाळण्याखालून दोन्ही हात पुढे केले. "माझी पाळी आहे."