भुसा की ढलप्या

कस्टम्समध्ये तपासनीस म्हणून रुजू होऊन तिला जेमतेम सहा आठवडे झाले होते, आणि एक आख्खं जहाज तिच्या एकटीच्या सहीसाठी अडलं होतं. माल साधाच, बॉयलरमध्ये जाळायला आणलेला पाइनच्या लाकडाचा चुरा. कागदावर लिहिलं होतं ‘भुसा’. माल मागवणाऱ्याच्या एजंटाने टेबलावर ओतलेल्या पिशवीत मात्र बोटभर लांबीच्या ढलप्याच जास्त.

“मॅडम, शेवटी जाळायचंच ना? भुसा काय अन् ढलप्या काय!” एजंट म्हणाला.

“कस्टम्सच्या यादीत दोन्हींचा कोड वेगळा आहे. तळातला नमुना बघितल्याशिवाय मी सही करणार नाही.”

आवाज ठाम लागला म्हणून तिचं तिलाच बरं वाटलं.

नमुने काढायचं काम नमुनेकाकांचं. तीस वर्षं तेच करत आल्यामुळे त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकापुरतंच उरलं होतं. ती त्यांना घेऊन जहाजावर गेली तेव्हा वारा सुटला होता. भुसा उडेल म्हणून कप्तान मालाच्या कप्प्याचं मोठं झाकण उघडू देईना. कप्प्याला लागून खाली उतरायचा एक बंद जिना होता. काकांनी त्याची झडप उचलली आणि ते तिथेच थबकले.

“बाई, जरा हवा खेळू द्या आत. अर्ध्या तासाने उतरतो.”

लवकर उरका म्हणून तिच्या साहेबांचे दोन फोन येऊन गेले होते. ती म्हणाली, “काका, दोन मिनिटांचं तर काम आहे.”

काका कमरेला डबा अडकवून उतरू लागले. दहा-बारा पायऱ्या बुटांचा आवाज आला. मग डबा खणखणत खाली गेला आणि सगळं चिडीचूप झालं.

“काका?”

तिने वाकून पाहिलं. आतून डिंकाचा उबट वास आला. काकांचा एक हात पायरीवर दिसत होता, पालथा. ती उतरायला धावली, तोच जहाजावरच्या अधिकाऱ्याने तिचा दंड धरून तिला मागे खेचलं.

“वेड लागलंय का? खाली प्राणवायूच नाही! लाकूड तो खाऊन टाकतं. दोघांना बाहेर काढावं लागेल मग!”

हवेची टाकी आणायला खलाशी पळाले. त्या हातावरून नजर हलवायचीही तिला भीती वाटत होती. तो हात हलला नाही. टाकी लावलेला खलाशी उतरला, दोरी ताणली गेली आणि काका वर आले. चेहरा काळानिळा, पण श्वास चालू होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात साहेबांनी तिला बाजूला घेतलं. “अहवालात लिहा, स्वतःहून उतरले. तुमची नोकरी अजून कच्ची आहे, विसरू नका.”

आई-वडील तिच्याच पगारावर होते. ती मान हलवणार, एवढ्यात काकू आल्या. दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

“कुणी पाठवलं त्यांना खाली?”

साहेब भिंतीकडे पाहू लागले.

“मी,” ती म्हणाली. “ते थांबा म्हणत होते. मी ऐकलं नाही.”

काकू तिच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या. आता हात उगारतील असं वाटून तिने डोळे मिटले.

“बस इथं,” काकू म्हणाल्या. “त्यांनी डोळे उघडेपर्यंत उठायचं नाहीस.”

ती बसली. संध्याकाळी काकांनी डोळे उघडले. अहवालात तिने व्हरांड्यात सांगितलं तेच लिहिलं. साहेबांनी तिला जहाजांवरून काढून फायलींवर बसवलं. वारा पडल्यावर झाकण उघडून दुसऱ्या कुणीतरी माल तपासला. तळापर्यंत ढलप्याच निघाल्या.

पंधरा दिवसांनी ती काकांच्या घरी गेली. माफी मागायचं वाटभर घोकलं होतं. काकांनी डाव्या हाताने तिला बसायची खूण केली; उजवा अजून नीट साथ देत नव्हता.

“खाली काय आहे ते मला ठाऊक होतं बाई,” ते म्हणाले. “तीस वर्षं झाली. पण साहेबाला नाही म्हणायची भीती काही गेली नाही. अन् सहा आठवड्यांच्या असलात तरी तुम्ही साहेबच की!”