चाळीस मिनिटं बिनढालीची

पडद्यावरचं चित्र अकरा वाजून वीस मिनिटांनी गेलं. वलगावच्या शाळेतल्या पोरांना वाटलं, नेट गेलं.

"सर, रिचार्ज संपला!" मागून कोणी तरी ओरडलं. हशा पिकला.

नीलम हसली नाही. मंगळाकडे निघालेल्या यानाला अवकाशातल्या धुळीपासून जपण्याचं काम तिच्या गटाकडे होतं. धूमकेतूनं मागे सोडलेल्या कणांच्या पट्ट्यातून यान आज जात होतं. कण वाळूच्या दाण्याएवढा, वेग बंदुकीच्या गोळीच्या वीसपट. नियम साधा होता: पट्टा लागला की यान वळवून ढालीची बाजू पुढे करायची. पण मग अँटेना पृथ्वीकडे राहत नाही, चित्र येत नाही. चाळीस मिनिटं यान वळवू नका, अशी विनंती नीलमनंच केली होती, या आपल्या जुन्या शाळेतल्या पोरांना थेट चित्र दिसावं म्हणून. कण लागण्याची शक्यताही तिनंच काढली होती: तीनशेत एक.

नियंत्रण कक्षातून ललितचा फोन आला.

"कण इंधनाच्या टाकीला लागला असणार, मॅडम. दाब उतरत गेला. मग यान गरगरायला लागलं. मग काहीच नाही."

"वळायचा आदेश?"

"पाठवला. पण वळायला इंधन लागतं."

तिथून इथवर संदेश यायला बारा मिनिटं लागत. पोरं टाळ्या पिटत होती तेव्हाच तिकडे सगळं आटोपलं होतं.

पहिल्या रांगेतून तिचे वडील धर्मपाल उठून आले. याच शाळेत त्यांनी शिपाई म्हणून तीस वर्षं घंटा वाजवली होती. आपल्या पोरायले एकडाव दाखव, हा हट्ट त्यांचा.

"काय झालं वं?"

"गेलं, बाबा."

"नेट?"

"यान."

"दुरुस्त होते ना?"

"तिथं कोण जाते दुरुस्त कराले?"

धर्मपालांनी रिकाम्या पडद्याकडे पाहिलं. "आपल्या कार्यक्रमापायी?"

नाही म्हणता आलं असतं. पण तेवढा दाणा ढालीनं अडवला असता. ढालीची चाचणी नीलमनंच घेतली होती.

"हो," ती म्हणाली.

ललित फोनवर थांबलेलाच होता. "अहवालात काय लिहू? मंजुरी तर वरूनच होती."

"विनंती माझी होती. तसंच लिही."

"माहं नाव सांग त्याले," धर्मपाल म्हणाले. "हट्ट माहा होता."

"तुमचं नाव तिथं कोण लिहिते, बाबा? बसा तुमी."

ते बसले नाहीत.

मुख्याध्यापिका साधनाताईंनी हळूच विचारलं, "पोरांना अजून किती वेळ बसवू?"

"सोडा त्यांना. आता काही यायचं नाही."

पोरं दंगा करत बाहेर पडली.

"यानाला चोवीस तास हाका मारत राहावं लागेल," ललित म्हणाला. "नियम आहे."

"मारा," नीलम म्हणाली.