शिवेवरचा दगड

अश्विनीला लांब उडी मारता येत नव्हती असं कुणी म्हणू नये. आसपास कुणी नसलं की पोरगी पाच मीटर सहज जायची. पण मैदानाभोवती माणसं जमली की भान सुटायचं, पावलं लांब पडायची आणि पाय उडीच्या फळीच्या पलीकडं. पंच लाल झेंडी वर करायचा, उडी बाद. सातवीपासून हेच रडगाणं. आश्रमशाळेतल्या पोरी तिला ‘लाल झेंडी’ म्हणूनच हाक मारायच्या. काय बोलावं त्या पोरींना!

मग सुनील सर यायला लागले, दर शनिवारी मंचरहून मोटारसायकलवर. पळणं-उड्या शिकवायला नव्हे, तर खेळताना मन ठिकाणावर कसं ठेवायचं ते सांगायला. पोरींनी लगेच त्यांना ‘मनाचे सर’ करून टाकलं आणि पहिले दोन शनिवार नुसत्या फिदीफिदी हसल्या. सर चिडले नाहीत.

“डोळे मिटा,” ते म्हणाले. “जिथं तुम्हाला अगदी शांत वाटतं अशी एक जागा आठवा. उडीच्या आधी मनानं तिथं जायचं, चार श्वास घ्यायचे, मग पळायचं.”

कुणी मामाचं घर सांगितलं, कुणी डिंभ्याच्या धरणाचा काठ. अश्विनी म्हणाली, “आमची देवराई.”

तिच्या गावच्या, आहुप्याच्या देवराईत तिला आजोबा घेऊन जायचे, धर्माजी. शिवेवर शेंदूर लावलेला दगड. तिथं चपला काढायच्या. आत मोठ्यानं बोलायचं नाही. वाळलेलं पानसुद्धा बाहेर आणायचं नाही. आणि पाळी आलेल्या बाईनं त्या दगडापुढं पाऊल टाकायचं नाही. तिची आई सरूबाई त्या दिवसांत लांबूनच हात जोडायची.

सरांनी खोदून खोदून सगळं विचारलं. झाडं कुठली, वास कसला, पायाखाली काय लागतं. पाळीचं तेवढं विचारायचं त्यांना सुचलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. बाप्यामाणसाला सांगायचं तरी कसं? त्या दिवसांत ती “पोट दुखतंय” म्हणून कडेला बसायची. सर “बरं” म्हणायचे. विषय तिथंच मिटायचा.

आणि देवराई लागू पडली हो! डोळे मिटायचे, दगडापाशी चपला काढायच्या, हिरड्याखाली उभं राहून चार श्वास घ्यायचे. घोडेगावच्या स्पर्धेत तिन्ही उड्या चोख. जिल्ह्यातही तसंच. लाल झेंडी म्हणणाऱ्या पोरींची तोंडं बंद झाली.

आता राहिली होती पुण्यातली निवड. पहिल्या दोघींना क्रीडा वसतिगृहात जागा, शाळा, मैदान, शिकवायला माणूस. पुढच्या वर्षी अश्विनीचं वय बसणार नव्हतं. ही हुकली की दहावीनंतर घरी भातलावणी आणि हिरडा गोळा करणं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं हे घडाघडा सांगितलं असतं.

आणि निवडीच्याच सकाळी, मैदानावरच्या बाथरूममध्ये तिला कळलं की पाळी आली. चार दिवस आधीच. मेलं नशीब! सोबतच्या मुलीनं पॅड दिलं. पोट दुखत नव्हतं, पाय हलके होते. उडी मारायला काडीची अडचण नव्हती.

नाव पुकारलं. तिनं डोळे मिटले. पायवाट आली, शेंदरी दगड आला, आणि ती तिथंच थबकली. मनातल्या मनात का होईना, आत जायचं कसं? मनातल्या देवराईत कुणी बघत नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण देव बघत होता. डोळे उघडले तर भोवती नुसती माणसं. लांब पावलं टाकत ती पळाली. लाल झेंडी.

दुसऱ्या खेपेला फळीच्या भीतीनं हातभर मागूनच पाय उचलला. चार मीटरसुद्धा भरले नाहीत.

तिसरी. “देवराईत जा, अश्विनी! देवराईत जा!” सर दोरीपलीकडून ओरडत होते. ती पुन्हा दगडापाशी गेली. एक पाऊल उचललंसुद्धा. आजोबांचं तोंड समोर आलं आणि पाऊल मागं घेतलं. पंचानं घड्याळाकडं बोट केलं, उडीचं मिनिट संपत आलं होतं. ती कशीबशी धावली.

लाल झेंडी.

परतताना जीपमध्ये सरांनी विचारलं, “गेली होतीस ना तिथं?”

“न्हाई सर.”

“का?”

ती बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसली. सरांनी वही काढून काहीतरी लिहिलं आणि घोडेगाव येईपर्यंत ते खिडकीकडं तोंड करून बसले. सहा महिने जीव ओतला होता त्यांनी, त्यांना तरी काय दोष द्यायचा?

घरी आईला मात्र तिनं सगळं सांगितलं. सरूबाईनं तिला जवळ ओढलं, पाठीवरनं हात फिरवला.

“आत गेली न्हाईस, ते लई बरं केलंस गं बाई.”

अश्विनीला तेव्हा रडू फुटलं. आईला वाटलं, पोर हरली म्हणून रडतीये.

पाचव्या दिवशी डोक्यावरनं पाणी घेऊन ती एकटीच देवराईत गेली. दगडापाशी चपला काढल्या. हिरड्याखाली उभी राहिली. पायाखाली तोच गार पाला होता, वास तोच होता. आता कुणाची आडकाठी नव्हती. तिनं डोळे मिटले.

समोर पांढरी फळी आली, भोवती माणसं आली आणि लाल झेंडी वर गेली. तिनं झटकन डोळे उघडले आणि आवाज न करता बाहेर निघून आली.